टायरच्या आत हात

पंधरा दिवसांत चौथं पंक्चर. आणि तेही नेमकं इनचार्ज सिस्टरनं तंबी दिली त्याच दिवशी. एवढंच नशीब की परतीच्या वाटेवर झालं.

धाकटी कामाला होती ते हॉस्पिटल घरापासून चोवीस किलोमीटर. पहिली बस सुटते तीच सहाला, म्हणून सायकल. सहाच्या आत पोचून डायलिसिसची मशीन तयार करायची, कारण सातला चार पेशंट खुर्च्यांवर येऊन टेकतात. त्यांना काय तिच्या टायरच्या कथा सांगायच्या? सिस्टर मनानं वाईट नव्हती, पण तिनं स्वच्छ सांगितलं होतं, "अजून एकदा उशीर झाला, तर क्वार्टर्समधली खोली घे आणि इथेच राहायला ये."

खोली एकटीची. म्हणजे डोळ्यांनी अधू झालेल्या बाबांनी थोरलीकडे जायचं, दुसऱ्या गावात, चौथ्या मजल्यावर. इथे गल्लीत त्यांना दर पायरी तोंडपाठ होती. तिथे लिफ्टचं बटणही कुणीतरी दाबून द्यायचं. त्या संध्याकाळी दाराआड बाबांची बॅग दिसली, आत इस्त्री केलेले तीन शर्ट. "नुसती हाताशी ठेवलीय," ते म्हणाले. धाकटीला बाबा हवे होते, बस्स. यात समजावण्यासारखं काय आहे?

रविवारी ती सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली, तर बाबाही चपला घालून तयार. आत गेल्या गेल्या धाकटीनं मागितला तो दुकानातला सगळ्यात हलका, सगळ्यात अरुंद टायर. हलका म्हणजे पळणार, आणि पळाला की वेळेवर पोचणार, हा तिचा हिशोब. शर्यतीत भाग घेतल्यासारखी बाई तीन वर्षं तसलेच टायर घालत होती.

"आधी जुना टायर काढून द्या," बाबा दुकानदाराला म्हणाले.

"काका, तो झिजलाय. फेकायचाच आहे."

"फेका हो. आधी माझ्या हातात द्या."

बाबांनी चाळीस वर्षं जोडे दुरुस्त केले होते. शिवलेला बूट गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी आत हात घालून बोटं फिरवायची, एखाद्या खिळ्याचं टोक वर आलेलं असेल तर तिथेच सापडतं. आजवर एकही बूट त्यांनी आत हात न घालता दिला नव्हता. आता त्यांनी टायर मांडीवर घेतला आणि आतून सावकाश बोटं फिरवत नेली. अर्ध्यावर बोटं थांबली.

"चिमटा आहे?"

दुकानदारानं चिमटा दिला. निघाली केसाएवढी तार, नखाच्या अर्ध्याइतकी. बाहेरून पत्ता लागणार नाही अशी. एका तारेनं चार ट्यूब खाल्ल्या होत्या. धाकटी दर वेळी ट्यूब बदलायची, हवा भरायची आणि नशिबाला शिव्या देत निघायची. चांभाराची लेक, लहानपणापासून हे पाहत आलेली, आणि आत हात घालायचं सुचलं नाही! तिनं कपाळावर हात मारला.

"म्हणजे टायर बदलायला नको?"

"नको कसा? तार आत शिरलीच कशी? तळ पातळ म्हणून." बाबांनी मान दुकानदाराकडे वळवली. "ही रोज अठ्ठेचाळीस किलोमीटर जाते. पुलाखाली काचा, पुढे खडी. नाचायचे बूट नकोत, चालायचे द्या."

दुकानदार खुलला. त्यानं आतून जाड पट्टा असलेले दोन टायर काढले. बत्तीस मिलिमीटर रुंदीचा ब्रेकला घासत होता. अठ्ठावीसचा बसला, दोन्ही बाजूंना नखभर जागा ठेवून. "थोडा जड आहे," तो म्हणाला. "दहा मिनिटं जास्त लागतील. पण रोज तेवढीच लागतील. आणि हवा दगडासारखी ठोकू नका."

सोमवारी धाकटी पंधरा मिनिटं आधी निघाली. पुलाखाली कुणीतरी बाटली फोडलेली होती. अंधारात काचा कळल्या त्या टायरखाली कचकन वाजल्या तेव्हाच. ती उतरली नाही. पुढचे दोन किलोमीटर कान मागच्या चाकाकडे लावून गेली. आवाज नाही, चाक बसलं नाही. हॉस्पिटलच्या स्टँडवर सायकल लावून तिनं आधी टायर चाचपला, मग फोन लावला. बाबांनी पहिल्याच रिंगला उचलला.

"पोचले."

"किती वाजलेत?"

"सहाला दहा कमी. काचांवरून आले, बाबा. काही झालं नाही."

पलीकडून चेन सरकल्याचा आवाज आला.

"काय करताय?"

"शर्ट बाहेर काढतोय," बाबा म्हणाले. "उगाच बॅगेत इस्त्री मोडते."