सरावाची बाहुली

बाहुली पुन्हा हातातून निसटली, पाण्याच्या भांड्याच्या काठावर आपटली आणि थेट फरशीवर गेली. सगळा वर्ग खो-खो हसला.

"मास्तर, ब्रेक मारा की," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

धर्मशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात त्यांना सगळे मास्तरच म्हणत. अर्धं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवून, केस पिकायला लागल्यावर ते चर्चचे पाळक व्हायला निघाले होते. ग्रीक भाषेशी त्यांनी चांगली झटापट केली. प्रवचनाच्या तासाला वर्गाला रडवलं. इस्पितळात शेवटच्या घटका मोजणाऱ्यांजवळ न डगमगता बसले. घोडं अडलं ते बाप्तिस्म्यापाशी, तान्ह्या बाळाला एका हातावर धरून कपाळाला पाणी लावण्यापाशी. स्वतःला मूलबाळ नव्हतं, आणि दुसऱ्यांचं तान्हं बाळ कुणी पुढे केलं की मास्तरांना नेमकं काहीतरी काम आठवायचं.

शिकवणाऱ्या बाईंनी बाहुली उचलली. तिची लोकरी टोपी सारखी केली, हनुवटीखाली बंद घट्ट बांधले.

"घरी घेऊन जा हिला. रविवारी चर्चमध्ये खरं बाळ आहे. परीक्षा तिथंच."

"आणि नाही जमलं तर, बाई?"

"तर पुढच्या वर्षी परत."

वर्ष वाया जाण्याची भीती मास्तरांना होतीच. पण जास्त धसका घेतला तो 'खरं' या शब्दाचा.

घरी बायकोने बादलीभर पाणी घेऊन बाहुलीला अंघोळ घालून दाखवली. तिने बहिणीची मुलं अंगाखांद्यावर खेळवली होती.

"मान तळहातावर. अशी. तुम्ही तर स्टिअरिंग धरल्यासारखं धरलंय."

शनिवारी रात्रीपर्यंत बाहुली पडायची थांबली. मास्तरांच्या हातांची थरथर काही थांबली नाही.

रविवारी बाई पहिल्याच बाकावर, मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. बाळाची आई पुढे आली. पोरगेलीच होती. मास्तरांनी हात पसरले, आणि बाळ घेताना त्यांना दिसलं की तिचेही हात कापताहेत.

"नीट धराल ना?" ती कुजबुजली. "मलाच भीती वाटते याला धरायची. अंघोळसुद्धा आजीच घालते याची."

भीती वाटते. नवीन माणूस गाडीत बसला की पहिलं हेच म्हणायचा. मास्तरांना या वाक्याचं उत्तर झोपेतही देता आलं असतं. त्यांचे खांदे सैल झाले.

"मग तुम्हीच धरा," ते म्हणाले. "मान तळहातावर. अशी. खाली माझा हात आहेच. ब्रेक माझ्याकडे."

ती हसली. कापणारे हात बाळाखाली स्थिरावले आणि मास्तरांनी मोकळ्या हाताने पाणी घेतलं. कपाळाला पाणी लागताच बाळाने एकदा मनसोक्त भोकाड पसरलं आणि मग जांभई दिली. दुसऱ्या रांगेत आजीने सोडलेला सुस्कारा दारापर्यंत ऐकू गेला. मास्तरांचा जीव भांड्यात पडला.

प्रार्थना संपल्यावर मागच्या खोलीत बाई त्यांची वाट बघत होत्या.

"विधीच्या पुस्तकात आईचे हात कुठेच नाहीत," त्या म्हणाल्या.

"नाहीत, बाई."

"हं." त्यांनी वही मिटली. "पास आहात. बाहुली आणलीत?"

मास्तर इतके हलके झाले होते की पिशवीची गाठ त्यांना पटकन सुटेना. बाहुलीची टोपी रात्रीच्या सरावाने अजून ओली होती. ती वाळावी म्हणून त्यांनी बंद सोडले आणि टोपी काढली. बाहुलीच्या टकल्या डोक्यावर एका बाजूला टवके उडाले होते, ते त्यांचेच. पण कानामागून टाळूपर्यंत एक लांब भेग गेली होती. ती कधीतरी चिकटवलेली होती, आणि डिंक पार पिवळा पडला होता.

"बाई, ही भेग माझी नाही."

"नाही." बाईंनी त्यांच्या हातातून टोपी घेतली, पिळली आणि खिडकीत उन्हाला पसरली. "मी शिकत होते तेव्हा हिला टोपी नव्हती. ती मी नंतर विणली."