बांधावरचा सरकारी म्हसोबा

मी बांधावरचा म्हसोबा बोलतोय. घाबरू नका, कुणाच्या अंगात वगैरे येणार नाही. खरं सांगायचं तर मी देवच नाही. इंग्रज सरकारच्या मोजणीतला मी एक हद्दीचा दगड आहे. नाशिकहून मखमलाबादकडे जाताना भाजीचे आणि फुलांचे मळे लागतात, तिथं एका विहिरीच्या काठाशी मी उभा असतो. अंगावर शेंदराचे इतके थर चढलेत की आतला काळा दगड आता मला स्वतःलाच आठवून पाहावा लागतो.

पांडवलेण्याच्या डोंगराजवळच्या खाणीत एका वडारानं मला फोडून काढलं. मांडीइतका उंच, खाली जाड आणि वर निमुळता. डोक्यावर त्यानं छिन्नीनं एक फुली कोरली आणि मला बैलगाडीत टाकलं. गाडीत माझ्यासारखे तीस-चाळीस भाऊबंद होते. गोदावरी ओलांडताना घाटाच्या पायऱ्या दिसल्या, तेव्हा आम्हा सगळ्यांना वाटलं, आपण इथलेच. यात्रेकरूंचे पाय लागतील, जन्माचं सोनं होईल. पण गाडी काही थांबली नाही. ती थांबली थेट एका मेथीच्या वाफ्यापाशी.

तिथं एक टोपीवाला साहेब, दोन कारकून आणि लोखंडी साखळी धरलेली माणसं होती. तोवर या शिवारात हद्द म्हणजे तोंडचा शब्द. ‘इथून त्या बाभळीपर्यंत तुझं, पलीकडचं माझं’ एवढ्यावर पिढ्या नांदल्या होत्या. साहेबाला बाभळीची साक्ष चालत नव्हती. त्यानं खड्डा खणवला, तळाशी कोळसे टाकले आणि त्यावर मला उभं केलं. कोळसा कुजत नाही, म्हणून पुढं कुणी दगड पळवला तरी खरी जागा सापडेल, असा त्याचा हिशेब. मग कारकुनानं खड्या आवाजात हुकूम वाचला: हा दगड जो हलवील त्याला सरकार शिक्षा करील. तेवढ्यात एक कुत्रं आलं, त्यानं मला हुंगलं आणि कुत्री दगडाशी जे करतात ते केलं. त्याला हुकूम कुणी समजावून सांगितला नव्हता.

माणसं मात्र मला फार भ्यायची. नांगर माझ्यापासून दोन हात लांबून जायचा. पोर जवळ आलं की आई त्याला ओढून न्यायची. मला वाईट वाटायचं हो. मेथी कुणाची आणि कोथिंबीर कुणाची, यातलं मला काय कळणार? पण सरकारनं उभं केलं होतं, तेव्हा उभं राहणं भाग होतं.

माझ्या एका बाजूला काळू माळ्याचं शेत होतं, दुसऱ्या बाजूला मंगळूचं. विहीर काळूच्या हद्दीत होती. मंगळूच्या शेताला पाणी नव्हतं, पण तो याच विहिरीवर मोट लावायचा आणि काळू त्याला कधी नाही म्हणाला नाही. दोघं एका चंचीतला तंबाखू खायचे. माझ्या डोक्यावर चुन्याची डबी ठेवण्याची हिंमत त्या दोघांचीच.

मग प्लेग आला. गावं ओस पडली, माणसं शेतांत झोपड्या घालून राहू लागली. मंगळू गेला, त्याचे आईबाप गेले, भाऊ गेला. मागं राहिली त्याची बायको गोदा आणि कडेवरचं तीन वर्षांचं पोर. महिना उलटला नाही तोच काळूच्या भावांनी विषय काढला. मंगळू होता तोवर ठीक होतं. आता विहीर आपल्या हद्दीत आहे, बाईला पाणी कशापायी द्यायचं? काळूनं परोपरीनं समजावलं. भाऊ माझ्याकडं बोट दाखवायचे. सरकारचा दगड सांगतोय ना, विहीर आपली! माझ्याकडं दाखवलेलं ते बोट मला फार लागलं.

एका दुपारी झोपड्यांवर डॉक्टर आला. तपासणीसाठी सगळ्या पुरुषांना रांगेत उभं केलं होतं. काळू रांगेतून हळूच सटकला, पहार घेऊन माझ्यापाशी आला. मला उकरलं, खांद्यावर घेतलं आणि स्वतःच्याच शेतात बारा पावलं आत चालत नेलं. माझ्या कडा धारदार होत्या, त्याचा खांदा सोलून निघाला. माझ्या अंगाला लागलेलं ते पहिलं लाल, त्याच्या रक्ताचं होतं. विहिरीच्या काठाशी त्यानं मला पुरलं. आता हद्द विहिरीच्या मधून जात होती. अर्धी विहीर गोदाची झाली.

लोक परत आले तेव्हा मी शेंदरानं माखलेला होतो. समोर उदबत्ती जळत होती. काळू हात जोडून बसला होता. भावांना म्हणाला, “म्हसोबा हाय हा. माझ्या डोळ्यांदेखत चालत आला. आता ह्याला हलवाल तर घराचं वाटोळं होईल.” सरकारला भिणारी माणसं, देवाला का भिणार नाहीत? सगळ्यांनी नमस्कार केला. पुढं एकदा हद्दी तपासायला साहेब घोड्यावरून आला. त्यानं माझा शेंदूर पाहिला, तोंड वाकडं केलं. तेव्हा सरकारनं देवधर्माच्या भानगडीत पडायचं नाही असं ठरवलं होतं म्हणे. त्यानं वहीत काहीतरी खरडलं आणि घोडा वळवला.

अशा रीतीनं मी देव झालो. एका भल्या माणसाच्या खोटं बोलण्यातून झालो, म्हणून मला त्याची कधी लाज वाटली नाही. नारळ फुटले, नवस बोलले गेले. गोदाच्या नातवाला मूल होत नव्हतं. त्यानं मला नवस केला आणि त्याला मुलगी झाली. मी काही केलं नव्हतं, पण तिचं नाव ठेवलं नवसाबाई. एकुलती एक, म्हणून नवरा घरजावई आणला. आता तो नाही, लेकी सासरी गेल्या. सत्तरी ओलांडलेली नवसाबाई एकटीच शेवंती-झेंडू पिकवते आणि पहाटे फुलबाजारात पाठवते. माझी लाडकी आहे ती.

काळूच्या बाजूला आता त्याचा पणतू भिमाजी असतो. साठीचा, मऊ माणूस. तो नवसाबाईला आक्का म्हणतो, भाऊबीजेला तिच्या पाटावर जाऊन बसतो. त्याचा मुलगा कुंदन हुशार, पण तोंडाचा तिखट. त्याला पॉलिहाऊस घालायचं होतं. कर्जासाठी बँकेनं मोजणीचा नकाशा मागितला. म्हणून यंदा दसऱ्याच्या आधी मोजणीवाले आले. साखळी नाही, साहेबाची टोपी नाही. हातात एक काठी आणि काठीच्या टोकावर यंत्र. ते म्हणे आभाळातल्या उपग्रहाला विचारतं.

उपग्रहानं मला उघडं पाडलं. मोजणीवाला म्हणाला, “दगड जागेवर नाही. बारा पावलं तुमच्या शेतात सरकलाय. खरी हद्द तिकडं, त्या शेवंतीच्या वाफ्यात. विहीर पूर्ण तुमची.” त्यांनी तिथं खणलं आणि माझे कोळसे निघाले, जसेच्या तसे.

कुंदन भडकला. “म्हणजे इतकी वर्षं आपली जागा दाबून बसलेत हे लोक! दगड सरकवला, वर शेंदूर फासला. चोरीच्या पाण्यावर फुलं पिकवली.”

नवसाबाई वाफ्यातच उभी होती, फुलांची पाटी काखेत घेऊन. तिनं सगळं ऐकलं. एवढंच म्हणाली, “कुंदन, माझा आजा चोर नव्हता रे.” मग घराकडं जाता जाता विहिरीवरची आपली मोटार स्वतःच्या हातानं बंद केली.

माझी काय अवस्था झाली असेल! सगळं ठाऊक असलेला मी एकटाच, आणि मला तोंड नाही. तोंडावर चांदीचे डोळे बसवलेत, पण बोलायला जीभ कुणी बसवली नाही. चार दिवस त्या बाईनं विहिरीतलं थेंबभर पाणी घेतलं नाही. ऐन दसऱ्याच्या तोंडावर शेवंती माना टाकू लागली. भिमाजी बांधावर यायचा, तिच्या वाफ्यांकडं बघायचा आणि न जेवता निजायचा.

कुंदननं मला उचलायला पुंजाराम गवंड्याला बोलावलं. पुंजारामनं पहार खाली ठेवली. “कौल घेतल्याबिगर मी देवाला हात लावायचा नाय. माझी लेकरं लहान हायेत.” दुसरा मजूरही मिळेना. मग ठरलं की मलाच विचारायचं. शेवंतीची दोन फुलं ओली करून माझ्या दोन खांद्यांना चिकटवली. उजवं पडलं तर मी इथंच राहणार, डावं पडलं तर जुन्या जागी जाणार.

नवसाबाईलाही बोलावलं. ती आली, लांब बसली. मी जीव एकवटून उजव्या फुलाला म्हणत होतो, पड रे बाबा. ते कसलं पडतंय! शेंदूर-तेलाचा थर इतका चिकट, की दोन्ही फुलं गोंद लावल्यासारखी बसली. ऊन चढलं. कुणी उठेना. भिमाजीनं पोराला डोळ्यांनी खुणावलं, तसा कुंदन तांब्या भरून नवसाबाईपुढं गेला.

“नको रे,” ती म्हणाली. “चोरीचं पाणी कशाला देतो?”

कुंदन तांब्या धरून तसाच उभा राहिला. विषय बदलावा म्हणून की काय, भिमाजी बोलू लागला. “आक्का, आमची आजी सांगायची, हा म्हसोबा लय जागृत. पिलेगाच्या साली आपल्या पायानं चालत आला म्हणं. काळू पणजानं डोळ्यांनी पाह्यला.”

नवसाबाईनं मान वर केली. “कवाच्या साली?”

“पिलेगाच्या.”

ती पुढं सरकून बसली. मग म्हणाली, “आमचा आजा तवा तीन वर्साचा. आईच्या कडंवर व्हता. तो म्हातारपणी पुन्हा पुन्हा सांगायचा, एक बाबा दुपारच्या उन्हात खांद्यावर धोंडा घेऊन चालला व्हता. सदरा रगतानं भिजलेला. आई म्हनली, भाऊ, हे काय करता? तो म्हनला, वहिनी, झोपडीत जा, तुमी काय पाह्यलं नाय. तो बाबा कोन, धोंडा कुठला, आजाला कधी कळलं नाय. आईला इचारलं की ती तोंडावर हात ठेवायची.”

गोदा का गप्प राहिली, ते मी जाणतो. दगड हलवणाऱ्याला सरकार धरून नेईल, हे तिनं ऐकलं होतं. आपल्याला पाणी देणाऱ्याला तिनं जन्मभर असं सांभाळलं.

भिमाजी माझ्याकडं बघत राहिला. पण पहिल्यांदा उमगलं ते कुंदनला. तांब्या खाली ठेवून तो बापाला हळू आवाजात म्हणाला, “दादा, त्यांना विहीर चोरायची असती तर दगड विहिरीपार नेला असता, अर्धीच कशाला घेतली असती? आणि देव कशाला चालंल? तुमच्या पणजानं उचलून आणलाय हा. आपणच दिलंय.”

भिमाजी उठला. त्यानं माझ्या दोन्ही खांद्यांवरची फुलं स्वतःच काढली.

“अरे, कौल मोडतो काय!” पुंजाराम ओरडला.

“मिळाला कौल,” भिमाजी म्हणाला.

तेवढ्यात नकाशावर सही घ्यायला मोजणीवाला आला. त्यानं सांगितलं की कागदावर जमीन तुमचीच आहे, दगडाला कायद्यात काही अर्थ नाही. भिमाजीनं विचारलं, “मग आक्काच्या नावावर करायला काय लागतं?” बक्षीसपत्र लागतं, असं कळलं. “करू. माझ्या पणजाला कागद जमला नसंल, दगड जमला. मला कागद जमंल.” कुंदननं ओळखीच्या वकिलाला तिथूनच फोन लावला. मग नवसाबाईपुढं उकिडवा बसून म्हणाला, “आत्या, चुकलं माझं.” तिनं तोच तांब्या उचलला आणि घटाघटा प्यायली.

आता माझ्याशेजारी सिमेंटचा खांब येणार आहे, नंबर घातलेला. म्हणजे माझी सरकारी नोकरी संपली. मला खंत नाही. तुम्हाला मात्र हात जोडून (नसलेले) एक विनंती आहे. तुमच्या बांधावर असा एखादा दगड जागा सोडून उभा दिसला, तर लगेच चोर शोधू नका. दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांना एकत्र बसवा आणि त्यांना बोलू द्या. कधी कधी अर्धी गोष्ट एका घरात असते आणि अर्धी शेजारच्या.

त्या दिवशीचं शेवटचं सांगतो. सगळे उठले, तेव्हा नवसाबाई पुढं आली. मला वाटलं, सवयीप्रमाणं माझ्या पायाशी वाकेल. ती भिमाजीपुढं वाकली. तो दचकून मागं सरला. “आक्का, काय करती! मी धाकटा तुला.”

“तुझ्या नाय रे,” ती म्हणाली, “काळूबाबाच्या पाया पडते. थांब जरा.”

भिमाजी डोळे मिटून उभा राहिला. ती वाकली, तिच्यामागं कुंदन वाकला, अगदी पुंजारामही वाकला. माझ्याकडं कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सव्वाशे वर्षांच्या देवपणात मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.