बावन्न नंबरचा कक्ष

"काका, एकवीस म्हणजे कुठं हो?"

पाववाला फाटकाशी उभा होता आणि आमचे हे तोंडात टूथपेस्टचा फेस घेऊन त्याला हाताने 'थांब, थांब' करत होते. चूळ भरली, चष्मा चढवला, त्याच्या मोबाइलवरचा वनखात्याचा संदेश स्वतः वाचला, आणि मगच बोलले.

"एकवीस म्हणजे खिंडीपलीकडची घळ. दोन मोठे खडक आहेत तिथं, एकमेकांना टेकलेले. मधून झरा वाहतो. आग तिकडं गेली म्हणजे आपल्यापासून लांब चालली. तू निवांत पाव वाट."

जंगल पेटून पाच दिवस झाले होते. खातं दिवसातून तीनदा संदेश पाठवायचं, पण त्यात नुसते कक्ष क्रमांक. जंगलाचे तुकडे पाडून त्यांना आकडे देतात, त्या तुकड्याला कक्ष म्हणतात, हे मलाही लग्नानंतरच कळलं होतं. गल्लीतल्या अकरा घरांना त्या आकड्यांतून काय बोध होणार? बोध होणारा माणूस एकच. तो तेहतीस वर्षं वनकार्यालयात कारकून होता.

निवृत्तीनंतरच्या सात वर्षांत यांना कोणी काही विचारलं नव्हतं, मी धरून. आता सकाळी सातपासून इस्त्रीचा शर्ट अंगात आणि दारोदार जाऊन आकडे समजावणं. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने जंगल काढून ते जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं, त्यामुळे आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवत होतो. पण माणूस दुसऱ्यांदा भात मागत होता. जंगल जळतंय आणि आमच्या घरी आनंद आहे, असं बोलू नये. पण होता, खोटं कशाला सांगू?

पाववाल्यामागोमाग टोकाच्या घरातली शिवणवाली आली. तिची आई तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. बाकीच्यांचं काय, चपला घातल्या की पळता येईल. या आजींना हलवायचं तर चार माणसं, गाडी आणि तासभर वेळ हवा.

"काका, गावाबाहेरच्या शाळेत सोय केलीय, तिथं आईला आज नेऊन ठेवू का? पाववाले दादा व्हॅन देतो म्हणतायत. पण तिचे फार हाल होतात हो."

"मग कशाला हाल करतेस?" हे म्हणाले. "आग उलटी चाललीय. उद्याचं उद्या बघू."

तिचा चेहरा इतका मोकळा झाला की जाताना मला म्हणाली, "काकू, काका आहेत म्हणून झोप लागते." यांनी ते ऐकलं आणि ऐकलंच नाही असं दाखवत हे पेन्सिलीला टोक करत बसले.

अकरा वाजता मी मागच्या अंगणात कपडे वाळत घातले. दहा मिनिटांत पांढऱ्या टॉवेलवर राख.

"अहो, धूर आपल्या मागच्या उतारावरून येतोय."

"वाऱ्यानं येतो धूर. धूर आहे तिथंच आग असते असं नाही."

"डोळ्यांना दिसतंय ते खरं की कॅलेंडरावरचं?"

"तू सत्तावीस वर्षं वॉर्डात काढलीस, मी कधी तुला इंजेक्शन कसं द्यायचं शिकवलं?"

मी टॉवेल परत भिजत घातला.

साडेबाराला दुसरा संदेश आला. यांनी मोठ्याने वाचला. "कक्ष क्रमांक एकवीस आणि बावन्न येथे आग आटोक्याबाहेर." पेन्सिल कॅलेंडरावर फिरू लागली. एकदा फिरली, दोनदा फिरली.

"बावन्न?" ते म्हणाले. "आपल्या जंगलात बावन्न नाहीच. अठ्ठेचाळीसला जंगल संपतं."

"टाइप करताना चुकले असतील."

त्यांनी कपाटातून निरोप समारंभाची फाइल काढली. तिच्यात मानपत्राखाली एक परिपत्रक होतं, आणि त्यावर आवक क्रमांक यांच्याच अक्षरात. नोकरीच्या शेवटच्या आठवड्यात आलेलं. कक्षांची मोजणी यापुढे रस्त्याकडून न करता नदीकडून करावी, एकूण कक्ष पंचावन्न, सोबत जुन्या-नव्या क्रमांकांचा तक्ता. यांनी ते नोंदवलं, फाइलला लावलं, आणि डोक्यात मात्र जुनंच जंगल राहिलं.

"मग नवं एकवीस कुठं येतं?" मी विचारलं.

"आपल्या मागं," ते म्हणाले. "उतारावर."

मी फोन उचलला. हे चपला शोधत होते.

"फोनवर सांगते मी सगळ्यांना. धूर बघा केवढा झालाय. तुमची छाती..."

"तू पाववाल्याला फोन कर, व्हॅन आण म्हणावं. बाकीच्यांना मी दारात जाऊन सांगितलं होतं. हेही दारातच सांगायला हवं."

दम्याचा पंप त्यांच्या खिशात कोंबून मी व्हॅनचं बघितलं आणि टोकाच्या घराकडे धावले. मागून त्यांचा आवाज येत होता. प्रत्येक दारात तेच. "मी चुकलो. सकाळी सांगितलं त्याच्या उलट आहे. निघा." शेजारचे ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर चिडले. "काका, तुमच्या भरवशावर गाडी गॅरेजात दिली मी!" हे म्हणाले, "हो. माझीच चूक. पाववाल्याच्या व्हॅनमध्ये जागा आहे." परिपत्रकाचं नाव एकाही दारात काढलं नाही. आकडे खात्याने बदलले, मी काय करू, असं म्हणता आलं असतं. मी तर म्हटलं असतं. तेव्हा मला त्यांचा राग येत होता आणि रडूही.

टोकाच्या घरात मी माझा वॉर्डातला आवाज काढला. चादर आजींच्या पाठीखाली सरकवली, चार कोपरे चौघांना दिले. आजींची जीभ मात्र अंथरुणाला खिळलेली नव्हती.

"अगं, पिठाचं पोतं आहे का मी? आणि तो कारकून का असा पांढरा पडलाय?"

"माझ्यामुळं उशीर झाला, आजी," दारातून हे म्हणाले.

"मला कुठं जायची घाई होती?"

शिवणवालीने यांच्याकडे पाठ करून आपला कोपरा उचलला. आम्ही शाळेत पोचलो तेव्हा गाव खाली करण्याचा भोंगा वाजला. म्हणजे आजी भोंग्याच्या आधी सुटल्या होत्या, पण ते मोजायच्या मनःस्थितीत कोणी नव्हतं.

शाळेच्या हॉलमध्ये हे भिंतीशी बसून राहिले. संध्याकाळी सहाला संदेश आला. आग उतारावर अडवली, वस्ती सुरक्षित. टोकाच्या घराचं मागचं कुंपण तेवढं जळालं होतं. लोक हसले, कोणी कोणाच्या गळ्यात पडलं, चहा आला. संदेशाच्या खाली पूर्ण जळालेल्या कक्षांची यादी होती. नुसते आकडे. पाववाल्याने ते मोठ्याने वाचले आणि सवयीने मान वळवून यांच्याकडे पाहिलं, मग परत मोबाइलकडे. कोणी काही विचारलं नाही.

"ए कारकून," खाटेवरून आजी म्हणाल्या. "अठरा म्हणजे काय होतं रे?"

हे उठले. खिशातून परिपत्रक काढून त्यावर बोट फिरवलं. "नवं अठरा म्हणजे जुनं एकतीस." मग कागद खाली घेतला. "पण आजी, मी पाहिलेलं नाही. मी जंगलात कधी गेलोच नाही. छातीमुळं साहेबांनी टेबलावरच ठेवलं. ते खडक, तो झरा, सगळं गार्ड लोकांच्या डायऱ्यांतलं. मी नुसतं उतरवून घ्यायचो."

हॉलमध्ये सगळ्यांनी ऐकलं. मास्तरांनी कप खाली ठेवला.

"मी तरी कुठं पाहिलंय?" आजी म्हणाल्या. "सांग."

शिवणवालीने आपल्याखालची खुर्ची उचलून यांच्यापाशी आणून ठेवली आणि स्वतः खाटेच्या कडेला बसली. हे बसले नाहीत. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून सांगू लागले, "एकतीसमध्ये रोपवन होतं. चाळीस हजार रोपं. पहिल्या वर्षी निम्मी मेली, परत लावली. चौथ्या वर्षी गार्डनं लिहिलं होतं, आता खाली सावली पडते." मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांनी तो हाताने बाजूला केला, यादीतला पुढचा आकडा परिपत्रकात शोधला आणि तिथे काय होतं ते सांगायला सुरुवात केली.