शोभेची बटणं

घाईताईने मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरला आणि मास्तरांच्या शर्टाची बटणं लावायला घेतली.

"अहो, पण आणखी दोन घरं कशी घेऊ मी? मला काय चार हात आहेत?" ती मोबाईलवर म्हणत होती. "तीपण सोडून गेली? कधी? ... बरं. बरं, बघते."

तिने शेवटचं बटण लावलं, कॉलर झटकली, मास्तरांच्या डाव्या हाताखाली उशी सरकवली, गोळ्या आणि पाणी समोर ठेवलं आणि 'येते हो' म्हणता म्हणता जिना गाठलासुद्धा. घाईताई हे नाव तिला मास्तरांनीच ठेवलं होतं. घरोघरी जाऊन आजारी, म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या संस्थेत ती कामाला होती. तिथली माणसं एकेक करून गळत होती, आणि त्यांच्या वाटची घरं हिच्या गळ्यात पडत होती. मास्तरांच्या घरात ती कधी खुर्चीवर टेकल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

ते काठी टेकत आरशासमोर गेले. एक काज चुकलं होतं. शर्टाची एक बाजू वर, एक खाली.

मास्तरांनी उभा जन्म टेलरिंगच्या दुकानात काढला होता. कपडा दिलेल्या वेळेला कधी मिळायचा नाही, ही त्या दुकानाची बदनामी. 'उद्या नक्की' ऐकून ऐकून गिऱ्हाइकांचे कान किटले होते. पण मिळायचा तेव्हा नाव ठेवायला जागा नसे. वाकड्या कॉलरीने कुणाला त्यांनी दुकानाची पायरी उतरू दिली नव्हती. आता ते स्वतः दिवसभर तिरप्या शर्टात बसून राहिले, कारण एका हाताने ती बटणं त्यांना सोडवता येत नव्हती. गंमत म्हणजे त्यांना राग आला नाही. वाईट वाटलं, आणि तेही तिच्यासाठी.

अर्धांगाचा झटका आल्यानंतर दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांनी बोलणंच टाकलं होतं. परक्या बाईच्या हातून अंघोळ करून घ्यायची म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. घाईताई पहिल्या दिवसापासून भिंतीकडे तोंड करून, हाताने अंदाज घेत पाणी घालायची आणि तोंडाने स्वतःच्या सासूची गाऱ्हाणी सांगायची. सासू अशी, सासू तशी, सासूने मिठाचा डबा लपवला. मास्तर लाजायचं विसरून ऐकत राहायचे. एक दिवस हसू फुटलं आणि त्यामागून शब्दही फुटले. ती सासू कितीतरी वर्षांपूर्वीच वारली होती आणि स्वभावाने फार गरीब होती, हे त्यांना बरंच नंतर कळलं.

आता स्टुलावर बसून अंघोळ त्यांची त्यांना जमत होती. अडत होतं ते फक्त कपड्यांपाशी.

दुपारी त्यांनी शिलाई मशीनवरची चादर ओढली. झटका आल्यापासून त्यांनी तिच्याकडे पाहायचं टाळलं होतं. कपाटात गुडघ्याला बांधायचा जुना पट्टा पडला होता, त्याची चिकटणारी पट्टी त्यांनी उसवली. शर्टाची बटणं काढली, काजं शिवून बंद केली, आणि त्यांच्या मागे व समोरच्या कडेवर बटणांच्या जागी पट्टीचे तुकडे लावले. डावा हात धरायच्या कामाचा नव्हता म्हणून कापडावर इस्त्री ठेवली. टीप वेडीवाकडी गेली. उसवली, पुन्हा घातली. मग काढलेली बटणं त्यांनी बंद काजांवर नुसती शोभेला टाकली. बटणांशिवाय शर्ट म्हणजे काय, माणसाने काय पोतं घालायचं?

दुसऱ्या दिवशी घाईताई आली तेव्हा मास्तर शर्ट घालून खुर्चीत बसले होते.

"कोणी घातला?"

"ओढ."

तिने बिचकत शर्टाची कड ओढली. फर्रकन आवाज झाला आणि शर्ट उघडला. मास्तरांनी एका हाताने तो पुन्हा दाबून बंद केला. घाईताई तोंडावर हात ठेवून इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग हसू थांबलं आणि तिने ती शिवण बोटाने चाचपून पाहिली.

"मास्तर, वरच्या मोठ्या बाईंच्या गाऊनला होईल का हो असं? पाठ पूर्ण उघडी राहिली, तर मला त्यांना उचलावं लागणार नाही. माझी कंबर वाचेल आणि त्यांचे खांदेही."

"टाकून जा. उद्या नक्की देतो."

"तुमचं उद्या म्हणजे कधीचं?"

पण गाऊन खरंच दुसऱ्या दिवशी तयार होता. मोठ्या बाई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. सगळी शाळा त्यांनी घंटेवर नाचवली होती, आणि आता अंथरुणाला खिळून त्या घाईताईची वाट बघत पडून असायच्या. त्यांचा नंबर शेवटचा. त्यांची खिडकी उघडायला भर दुपार व्हायची. मास्तरांना खाली त्या खिडकीचं करकरणं ऐकू यायचं. गाऊननंतर दुसऱ्या घरांतले पायजमे आले, ब्लाऊज आले. मास्तरांनी चिकटपट्टीचं अख्खं बंडल मागवलं. ज्या हातांना झटक्यानंतर काहीच काम उरलं नव्हतं, त्यातल्या एकाला आता उसंत नव्हती.

आणि मग संस्थेचा निरोप आला की पर्यवेक्षक बाई येणार आहेत. कुणाला किती मदत लागते, ते नव्याने ठरवायचं होतं.

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. "बाबा, त्यांच्यासमोर उगाच शूरपणा करू नका. जमत नाही म्हणून सांगा. त्या ताई यायच्या बंद झाल्या, तर दिवसभरात तुमच्याशी कोण बोलणार आहे?"

"कोणी नाही," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं.

घाईताईनेही जाता जाता बजावलं, "मास्तर, उद्या जुना शर्ट घाला. बटणांचा."

पर्यवेक्षक बाई आल्या त्या धापा टाकतच. बसल्या बसल्या त्यांनी पाणी मागितलं. मास्तरांना वाटलं होतं, कोणी करड्या आवाजाची बाई येईल. ही तर घाईताईचीच थोरली बहीण शोभली असती. घाईताई त्यांच्या खुर्चीमागे उभी होती. मास्तरांच्या अंगात बटणांचा शर्ट होता, तिनेच लावून दिलेला.

"वरच्या बाईंचं काही जमेना," पर्यवेक्षक बाई घाईताईला म्हणाल्या. "सकाळी लवकर पाठवायला माझ्याकडे माणूसच नाही. इतका वेळ त्यांना तसंच ठेवणं बरं नाही. दुसऱ्या गावच्या वृद्धनिवासात हलवावं लागेल. मनाला पटत नाही, पण माणसं कुठून आणू मी?" मग त्या मास्तरांकडे वळल्या. "हं, काका. कपडे तुमचे तुम्हाला घालता येतात?"

मागून घाईताईने हळूच मान हलवली. नाही म्हणा.

मास्तरांनी ते पाहिलं. मग काठी टेकत उठले, आत गेले आणि दार लोटून घेतलं. आतून काहीतरी फाटल्याचा आवाज आला आणि बटणं फरशीवर घरंगळत गेल्यासारखं वाटलं. बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगात दुसरा शर्ट होता, कॉलर सरळ, कडा एका रेषेत.

"येतात," ते म्हणाले. "माझी सकाळची वेळ वरच्या बाईंना द्या."

"काका, नीट विचार करा. एकदा मदत बंद झाली, की पुन्हा मिळणं कठीण. केवढी माणसं नुसती वाट बघत थांबलीत."

"म्हणून तर," मास्तर म्हणाले. मग घाईताईकडे न बघता त्यांनी पुढचं सांगितलं. "हिने मला माणसांत आणलं, बाई. मी भिंतीकडे तोंड करून पडलेला होतो. हे उपकार फिटायचे नाहीत. निदान माझ्यापाशी अडवून तरी धरू नयेत."

घाईताईने खिडकीबाहेर काहीतरी दिसल्यासारखं केलं आणि तिकडेच बघत राहिली. पर्यवेक्षक बाईंनी कागदावर लिहिलं, पेन बंद केलं, आणि दारातून परत फिरून विचारलं, "असला शर्ट माझ्या वडिलांना शिवून द्याल?"

नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या सकाळी मास्तर उठले, अंघोळ केली, शर्ट दाबून बंद केला आणि खुर्चीत बसले. ओळखीची पावलं जिना चढत आली. दारापाशी आली. पुढे गेली. हे होणार, ते ठाऊक होतं. तरी ते दाराकडे बघत राहिले. थोड्या वेळाने वर खिडकी करकरली. कोवळं ऊन असताना ती खिडकी उघडल्याचं ते प्रथमच ऐकत होते. ते मशीनपाशी जाऊन बसले, पण सुईत दोरा जाईना.

मग दारावर थाप पडली.

"वरचं लवकर आटपलं," दारात घाईताई होती. "तुमचा गाऊन चढतो बघता बघता. पुढच्या घरी जायला थोडा अवकाश आहे. म्हटलं—" काय म्हटलं, ते तिला सांगता येईना.

मास्तरांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. तिच्या अंगातल्या संस्थेच्या निळ्या कोटाचं एक काज चुकलं होतं. एक बाजू वर, एक खाली.

"असल्या कोटात मी कुणाला या दारातून बाहेर सोडत नाही," ते म्हणाले. "काढ तो. पट्टी लावून देतो."

"किती वेळ लागेल?"

"पाच मिनिटं."

"टेलरची पाच मिनिटं!" ती म्हणाली, पण कोट काढून दिला. दुकानात गिऱ्हाइकासाठी जी मांडायचे त्या खुर्चीकडे मास्तरांनी बोट दाखवलं. ती बसली. कडेवर टेकली, मग सरकून मागे बसली. सासूचं काहीतरी सांगायला लागली आणि वाक्याच्या मध्येच तिची मान खांद्यावर कलली.

मास्तरांनी पॅडलवर ठेवलेला पाय उचलून घेतला. कापडाची कड डाव्या हाताखाली सारली. तो हात आज थोडासा धरत होता. उजव्या हाताने त्यांनी मशीनचं चाक धरलं आणि आवाज होणार नाही असं, एकेक टाका घालत, हळूहळू फिरवायला सुरुवात केली.