एका थांब्याची विचारणा

तिने सर्व्हरवरच्या विचारणांची नोंद, म्हणजे लॉग, वर सरकवला आणि पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवले.

"साहेब, हे बघा. कोण आहे कुणास ठाऊक, पण इतक्या सभ्यपणे विचारणारं मी अजून कुणी पाहिलेलं नाही."

साहेब चहाचा कप सांभाळत तिच्या खुर्चीमागे वाकले. पडद्यावर शहरभरातून येणाऱ्या विचारणा भराभर खाली सरकत होत्या. बस कंपनीच्या प्रत्येक गाडीचा ठावठिकाणा या सर्व्हरवर येई. माणसांसाठी वेबसाइटवर नकाशा होता आणि प्रोग्रॅमसाठी एपीआय. ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या पद्धतीने विचारले की कुठली गाडी किती मिनिटांत येणार, एवढा नुसता मजकूर परत मिळे. ही सोय कुणालाही खुली होती, आणि कुणाकुणाचे प्रोग्रॅम दर सेकंदाला साऱ्या शहराची माहिती ओरबाडत होते. सर्व्हर मेटाकुटीला आला होता. म्हणून सोमवारपासून ज्याने नोंदणी करून आपली किल्ली, म्हणजे एक सांकेतिक शब्द, घेतली असेल त्यालाच उत्तर द्यायचे ठरले होते. त्याआधी कुणाची अडचण होईल ते शोधायचे काम कंपनीची इंजिनिअर म्हणून तिच्याकडे आले होते.

"काय विशेष त्यात?" साहेब म्हणाले.

"एकच थांबा विचारतात. तोही आठवड्यातले मोजके दिवस, फक्त सकाळी. परवा ताण आला तेव्हा आपण सगळ्यांना 'एक मिनिटानं विचारा' असं उत्तर दिलं ना? बाकीच्यांनी दुप्पट जोरानं दार बडवलं. इथून मिनिटभर चकार शब्द नाही. मग एकदाच विचारलं."

"प्रोग्रॅम शहाणा आहे म्हणायचा."

"लिहिणारं माणूस शहाणं आहे. हे वाचा."

प्रत्येक विचारणेत आपली ओळख सांगायला एक जागा असते. बहुतेक जण ती रिकामी सोडतात, नाहीतर तिथे थाप मारतात. इथे अक्षरे रोमन होती, पण मजकूर स्वच्छ मराठी होता: 'मी बोर्डताई. एका प्रवाशासाठी विचारते. त्रास होत असेल तर कळवा.' पुढे ईमेलचा पत्ता होता.

साहेब हसले. "मग कळव की. बाईंनी एवढी रीत पाळलीय, आपणही पाळू."

तिने पत्र लिहिले: सोमवारपासून किल्ली लागेल, नोंदणी या पानावर करावी. दुपारी उत्तर आले. नोंदणी करून पाहिली, जमली नाही, शक्य असेल तर फोन करा. खाली नंबर होता.

"नमस्कार, हॉस्पिटल," पलीकडून आवाज आला.

ती गोंधळली. "बोर्डताई आहेत का?"

"बोलतेय. टेलिफोनचा बोर्ड सांभाळते म्हणून बोर्डताई. एक सेकंद हं." खट्‌ असा आवाज झाला. कुणाला तरी एक्स-रे विभाग जोडून दिला गेला. "हं, बोला. बसवाल्या ना तुम्ही?"

"हो. नोंदणी का नाही झाली?"

"अहो, सगळं भरलं. शेवटी तुमच्या पानावर कोडं निघालं. कॉम्प्युटरनं मला वाचून दाखवलं, 'ज्या चित्रांत बस दिसते ती सर्व चित्रे निवडा.'" ताई मनापासून हसल्या. "मला दिसत नाही. बस दिसली असती तर तुमच्या सर्व्हरला कशाला विचारत बसले असते?"

तिचे कान तापले. विचारणारा माणूस आहे की यंत्र हे ओळखायचे ते कोडे तिनेच लावले होते. तयार मिळते, दोन ओळींत बसते, म्हणून लावले होते. तिने उद्या भेटायला येऊ का, असे विचारले.

बोर्डाची खोली जिन्याखाली होती. टेबलावर फोन, कीबोर्ड आणि कॉम्प्युटरचा डबा, पण पडदा नव्हता. पडद्याच्या जागी ताईंनी तुळशीएवढ्या कसल्याशा रोपाची कुंडी ठेवली होती. पन्नाशीच्या ताई, केस घट्ट बांधलेले, एका कानावर हेडफोन आणि दुसरा कान फोनसाठी मोकळा.

"बस. आवाजावरून लहान वाटतेस, अगं म्हटलं तर चालेल ना?"

"चालेल, ताई."

"तुझी वेबसाइट ऐकायचीय?" त्यांनी हेडफोन काढून आवाज मोठा केला. यंत्र बोलू लागले. "चित्र. चित्र. बटण. नाव नसलेलं बटण. चित्र. चित्र." ताईंनी ते तोडले. "हा तुझा नकाशा. छान असेल, सगळे म्हणतात. आता हे ऐक."

त्यांनी टर्मिनल उघडले, जिथे माउस नाही, चित्र नाही, फक्त हुकुमाची एक ओळ लिहायची आणि उत्तराच्या ओळी वाचायच्या. बोटे न अडखळता चालली. कर्ल हा हुकूम, पुढे पत्ता, पत्त्याच्या शेपटाला थांब्याचा क्रमांक. एंटर. उत्तर आले आणि यंत्र ते इतक्या वेगाने वाचू लागले की तिला पावसासारखा नुसता आवाज ऐकू आला. कंस, अवतरण, स्वल्पविराम, आकडे.

"सात नंबर, नऊ मिनिटं," ताई म्हणाल्या.

"यातून तुम्हाला कळलं?"

"सवयीनं कळतं. पण मास्तरांना फोनवर हे कंसबिंस कोण ऐकवणार? म्हणून हा धाकटा प्रोग्रॅम लिहिला." त्यांनी दुसरा हुकूम दिला. यंत्र शांतपणे म्हणाले, "सात नंबर, नऊ मिनिटांत."

"प्रोग्रॅमिंग कुठे शिकलात?"

"इथेच. दुपारी फोन कमी असतात. मदतीची पानं ऐकायची, चुकायचं, परत ऐकायचं. टर्मिनलची एक गोष्ट मला फार आवडते बघ. ते माझ्याशी वेगळं वागत नाही. तुलाही एक ओळ, मलाही एक ओळ."

तिने प्रोग्रॅम वाचायला मागितला, आणि पडदा नाही हे लक्षात येऊन ओशाळली. ताईंनी तो पाठवून दिला. तिने फोनवर उघडला. उत्तर आले नाही तर काय, गाडीच नसेल तर काय, सर्व्हरने थांब म्हटले तर किती थांबायचे, सगळे जिथल्या तिथे. उत्तर बदलले नसेल तर पुन्हा मागायचेसुद्धा नाही, अशी व्यवस्था होती. असे इतके नेटके काम तिच्या हातून शेवटचे कधी झाले होते, ते तिला आठवेना.

"तुम्ही सात नंबरनं येता?"

"मी? छे गं. मी मागच्याच गल्लीत राहते, चालत येते. हे मास्तरांसाठी."

मास्तर गणित शिकवायचे. गेल्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. आठवड्यातले काही दिवस सकाळी, बोर्ड तासभर दुसऱ्याकडे सोपवून, ताई इथेच वरच्या मजल्यावर दृष्टी गेलेल्यांना कॉम्प्युटर शिकवत. मास्तरांना त्या वर्गाला यायला त्यांच्या वहिनीने तयार केले होते, पण मास्तरांची एक अट होती. थांब्यावर उभे राहणार नाही.

"का?"

"लोक हात धरतात. एकदा उभे होते, तर एका भल्या माणसानं दंड धरून रस्त्यापलीकडे नेऊन सोडलं. त्यांना पलीकडे जायचंच नव्हतं. तिथून दुसऱ्यानं परत आणलं, तोवर बस गेली. घरी आले ते दार लावून बसले. म्हणून मी इथून विचारते आणि फोन करते, 'मास्तर, आता निघा.' गल्लीच्या तोंडाशी पोचतात आणि समोर बस. उभं राहायलाच लागत नाही."

"ताई, तुमची किल्ली मी आत्ता हातानं काढून देते. कोडं सोडवायला नको."

"नको."

"का पण?"

"माझ्या वर्गात आणखी माणसं आहेत. उद्या त्यांनाही विचारावंसं वाटेल. त्यांनी दर वेळी तुला फोन करायचा? मला एकटीला मागच्या दारानं घेऊ नकोस. आणि आलीच आहेस तर आणखी एक सांगते. चुकलं की तुझा सर्व्हर नुसतं 'चूक' म्हणतो. काय चुकलं ते बोलत नाही. शिकणारा माणूस तिथेच बसतो बघ."

ऑफिसात परतल्यावर ती तडक साहेबांकडे गेली. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"कोडं तूच लावलं होतंस ना?"

"हो."

"मग तूच काढ. पण दार बडवणारे परत आले तर?"

"किल्ली ईमेलवर जाईल, आणि एका किल्लीला दिवसाला ठरावीकच उत्तरं. नोंदणीसुद्धा एका ओळीच्या हुकुमात होईल."

"सोमवारच्या आत?"

"हो."

सोमवारआधीच्या दोन दिवसांत तिने नोंदणी बदलली आणि मग चुकांच्या उत्तरांना हात घातला. एकेक वाक्य ती डोळे मिटून मोठ्याने म्हणून पाही. शेजारच्या टेबलावरच्याने दोनदा विचारले, "बरी आहेस ना?"

सोमवारी सकाळी ती ऑफिसात सगळ्यांच्या आधी पोचली. ओरबाडणारे प्रोग्रॅम दारावर आपटून परत जात होते. किल्ल्या घेतलेल्यांत ताईंचे नाव होते, वर्गातली आणखी काही नावे होती. नकाशावर सात नंबरची गाडी मास्तरांच्या थांब्याच्या दिशेने येऊ लागली. ताईंची विचारणा काही दिसेना.

तिने फोन लावला.

"नमस्कार, हॉस्पिटल."

"ताई, आज विचारलं नाहीत. किल्ली चालत नाही का?"

"चालते. मी नाही विचारणार आजपासून. मास्तर म्हणाले, माझी बस मीच विचारीन. घरी कॉम्प्युटर आहे, किल्ली आहे."

"पण गाडी जवळ आलीय, आणि कुणीच…" ती थांबली. पडद्यावर एक ओळ उमटली होती. ओळखीच्या जागी 'मास्तर'. "आले! पण किल्ली जोडायची विसरलेत. नाकारलं गेलं."

"तुझ्या सर्व्हरनं काय सांगितलं?"

"'किल्ली जोडलेली नाही. पत्त्याच्या आधी जोडा.'"

"मग ठीक आहे."

पुन्हा ओळ उमटली. या खेपेला किल्ली होती, थांब्याच्या क्रमांकात एक आकडा जास्त पडला होता. सातची गाडी थांब्यावर आली आणि निघून गेली.

"मी त्यांना फोन करू का? एका आकड्याचा तर प्रश्न आहे."

"अजिबात नाही," ताई म्हणाल्या. "त्यांनी आयुष्यभर पोरांना हेच सांगितलं असेल, उदाहरण परत वाच. वाचू दे त्यांना."

मधे ताईंनी कुणाला तरी अपघात विभाग जोडून दिला. पडदा हलेना. तिने नखाने टेबलाची कड खरवडली. मग ओळ आली, सरळ, पूर्ण, बिनचूक.

"मिळालं! ताई, मिळालं त्यांना उत्तर!" आपण जवळजवळ ओरडलो हे तिच्या उशिरा लक्षात आले. "पण पुढची गाडी वीस मिनिटांनी आहे."

"हं. म्हणजे थोड्या वेळानं परत विचारतील. निघायच्या आधी."

त्यांनी वाट पाहिली. नवी ओळ आली नाही. ताईंनी फोन ठेवला नाही, आणि तिनेही.

"आलं का काही?"

"नाही."

आणखी थोडा वेळ गेला.

"आता?"

"नाही, ताई. काहीच नाही."

पलीकडे ताईंनी श्वास सोडला. बोलल्या तेव्हा आवाज अगदी हळू होता. "निघाले गं. घरात नाहीतच ते आता. आज उभे राहणार." मग दुसरा फोन वाजला आणि त्या घाईने म्हणाल्या, "ठेवते हं. बोर्ड भरलाय."

तिने लॉग बंद केला. टर्मिनल उघडून स्वतःची किल्ली टाकली, थांब्याचा क्रमांक टाकला आणि कुणाही प्रवाशासारखे विचारले. बारा मिनिटे. चहा तसाच राहिला. पुन्हा विचारले. चार. साहेब आले, काहीतरी बोलले, ती हो म्हणाली.

नकाशावर सात नंबरची गाडी थांब्यावर पोचली. तिथे ती नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ थांबली. मग निघाली.