पोचा भिंतीकडे

मित्रांनो, मी एक जुनी पितळी कळशी आहे. माझ्या पोटावर डाव्या अंगाला तळहाताएवढा पोचा आहे. आधी तो नीट बघून घ्या. तो दिसू नये म्हणून एका शाळेत चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनी मला पोचा भिंतीकडे करून ठेवलं होतं. तुम्हांला गोड गोष्ट ऐकायची असेल तर शेजारच्या फुलदाणीकडे जा. मी रागात आहे, आणि हा राग जावा असं मला वाटतही नाही.

माझा जन्म देगलूरचा. तिथल्या एका म्हाताऱ्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. त्याच्या हातोडीचा एकेक ठोका मी सोसला, तेव्हा कुठे मला गळा आला, काठ आला, गोल पोट आलं. त्या ठोक्यांचा मला कधी राग आला नाही. घडवणाऱ्याचा ठोका वेगळा असतो.

बाहत्तरच्या दुष्काळात केवळाबाई तिकडे दुष्काळी कामावर खडी फोडायला आली होती. दिवसभर हातात हातोडा आणि बाभळीला बांधलेल्या झोळीत तीन वर्षांची लेक, चांगुणा. काम संपल्यावर तिने स्वतःच्या कष्टातून पहिली वस्तू घेतली ती मी. मला मांडीवर धरून ती एसटीत बसली, आणि लेकीला बसवलं खाली पायाशी. त्यावरून चांगुणा आईला पुढे कितीतरी वर्षं चिडवायची.

उदगीरच्या अंगाला त्यांचं गाव. गावाच्या खालच्या बाजूला बौद्धवस्ती, तिथे त्यांचं दोन खणांचं घर. फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती आणि तिच्या खाली मी, चिंचेने घासून लख्ख. केवळाबाईला माझा फार अभिमान. पाहुणा आला की पाणी माझ्यातूनच.

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली गावच्या हायस्कुलाला चित्रकलेचे शिक्षक मिळाले. शिवमूर्ती सर त्यांचं नाव. आल्या आल्या त्यांना पहिलं काम लागलं ते शाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून 'जि. लातूर' लिहायचं. अक्षर असं देखणं काढलं की लोक उभं राहून बघायचे. जिल्हा बदलला, पाटी बदलली. बाकी काय बदललं ते पुढे सांगते.

दोन वर्षांनी चांगुणा आठवीत गेली. सरांना वर्गात समोर मांडायला एक भांडं हवं होतं. गावातल्या मोठ्या घरांनी तडकलेला माठसुद्धा दिला नाही. 'शाळेत न्हेऊन हरवून टाकाल,' म्हणाले. तेव्हा चांगुणाने आईजवळ मला मागितलं.

"न्हे की," केवळाबाई म्हणाली. "पर पाण्याच्या टायमाला घरी पायजे."

अशी मी शाळेत गेले. उंच स्टुलावर निळं कापड, त्यावर मी, शेजारी दोन कांदे. चाळीस पोरं माझ्याकडे टक लावून बघायची. चांगुणाने काढलेली पहिली कळशी वांग्यासारखी झाली होती. सर हसले नाहीत. तिच्या शेजारी बसून म्हणाले, "आधी मधली रेघ मार. मग काठ. काठ गोल हाय हे तुला म्हाईत हाय, पर इथून तो लांबट दिसतो. म्हाईत हाय तसं काढू नको. दिसतंय तसं काढ."

हे वाक्य ध्यानात ठेवा, मित्रांनो. मी ठेवलं आहे.

त्या वर्षी पोरं एलिमेंटरीच्या, म्हणजे चित्रकलेच्या पहिल्या सरकारी परीक्षेला बसली. वस्तुचित्राला समोर मीच होते. चांगुणाला ए ग्रेड मिळाली. संस्थेचे सचिव व्यंकटराव, म्हणजे ज्यांच्या शब्दाबाहेर शाळेचं पानही हलत नसे, त्यांच्या मुलालाही ए मिळाली. व्यंकटरावांनी मुलाने सरावाला काढलेलं माझं चित्र उदगीरहून काचेत मढवून आणलं आणि आपल्या बैठकीत लावलं. आल्यागेल्याला ते हात धरून दाखवायचे. 'कळशी बघा, उचलून पाणी प्यावं वाटतंय,' म्हणायचे. ते ऐकून मीसुद्धा फुगले. खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी तिच्या वरच्या परीक्षेची, इंटरमिजिएटची तयारी सुरू झाली. आता रंग आले. पितळ म्हणजे रंगाची पिवळी वडी घासायची असं पोरांना वाटायचं. चांगुणा मात्र तासन्‌तास माझ्याकडे बघत बसायची. एकदा म्हणाली, "सर, हिच्या पोटात खिडकी निळी दिसून राहिली. अन् माझी लाल ओढणीबी." सर खूश झाले. त्यांनी तिला सांगितलं की इंटरमिजिएट पास झालीस की दहावीनंतर नांदेडला चित्रकला-शिक्षकाच्या कोर्सला अर्ज करता येईल. नापास झालीस तर ती वाट बंद. केवळाबाईने तेव्हाच ठरवलं होतं की पोरगी एक तर चित्राची मास्तरीण होईल, नाहीतर आपल्यासारखी रोजगार हमीवर खडी फोडेल. तिसरं काही तिच्या पुढ्यात नव्हतंच. त्या घराचं सगळंच त्या परीक्षेवर टांगलेलं होतं.

आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. मृग गेला, पोळा गेला, आभाळ कोरडंच. विहिरींनी तळ दाखवला. टँकर एक दिवसाआड यायचा आणि शाळेच्या आवारातल्या सिमेंटच्या हौदात रिकामा व्हायचा. गावातल्या बायका हौदात भांडी बुडवून भरायच्या. वस्तीतल्या बायकांनी लांब भांडी मांडून बसायचं, आणि केरबा शिपाई डब्याने वरून ओतेल तेवढं घ्यायचं. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. पाटीवर 'जि. लातूर' एवढंच लिहिलेलं होतं.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. सकाळी वर्गात मी स्टुलावर बसले, चाळीस जणांनी मला रंगवलं. दुपारी टँकर आला. केवळाबाई भांडी घेऊन ओळीत बसली होती. केरबा गप्पा मारत उभा होता आणि वर्ग पुन्हा भरायची वेळ झाली होती. चांगुणा मला कडेवर घेऊन वर्गातून आली, सरळ हौदाशी गेली, आणि तिने मला पाण्यात बुडवलं.

थंडगार पाणी गळ्यातून आत आलं. दुष्काळ सुरू झाल्यापासून मी पहिल्यांदा काठोकाठ भरत होते.

व्यंकटराव तिथेच खुर्ची टाकून बसले होते. ते उठले, चांगुणाच्या हातातून मला हिसकावलं आणि हौदाच्या कठड्यावर आपटलं. मग लाथ मारली. मी गडगडत पार केवळाबाईच्या पायापाशी जाऊन थांबले. हा पोचा तेव्हाचा.

"पाणी बाटवलं समद्या गावाचं," ते म्हणाले.

केवळाबाईने मला उचललं. पदराने पुसलं. आणि आवाज न चढवता म्हणाली, "मालक, तुमच्या बैठकीत हिचंच चित्र लावलंय न्हवं? ते उतरवा मंग. भिंतीवर चालती आन् पाण्यात चालत न्हाई, आसं कसं?"

व्यंकटरावांचं तोंड उतरलं, पण क्षणभरच.

"पोरीला परीक्षेला बसवायचं हाय का न्हाई?" ते म्हणाले. "फॉर्म माझ्याच शाळेतून गेलाय."

केवळाबाई गप्प झाली. खडी फोडणारी बाई, कुणाच्या बापाला न भिणारी, लेकीच्या परीक्षेपायी गप्प झाली. मित्रांनो, माझ्या तळापासून काठापर्यंत आग झाली. लाथेपेक्षा तिचं गप्प होणं मला जास्त लागलं.

आणि शिवमूर्ती सर? ते व्हरांड्यात उभे होते. हातात खडू. 'दिसतंय तसं काढ' म्हणणाऱ्या माणसाने सगळं पाहिलं, मान खाली घातली आणि वर्गात निघून गेले. नोकरी व्यंकटरावांच्या हातात होती, हे मला कळतं. मी पितळेची आहे, दगडाची नाही. पण कळलं म्हणून राग कमी होतो असं कुणी सांगितलं?

दुसऱ्या दिवशी वर्गाला पुन्हा भांडं लागलंच. दुसरं होतं कुठे? बाटवणारी मी पुन्हा स्टुलावर बसले. सरांनी मला हलकेच फिरवलं आणि पोचा भिंतीकडे केला. "असं बरं दिसतंय," म्हणाले. कुणाच्याही डोळ्याला डोळा न देता.

परीक्षेतला दुसरा पेपर स्मरणचित्राचा, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्राचा असतो. सरांनी त्याचा तक्ता आधीच करून दिला होता, कारण पाणवठ्याचा विषय हमखास येतो. मोठा वड, मागे देऊळ, निळंशार पाणी, घागरी घेतलेल्या तीन बायका, तिघी हसऱ्या. अख्ख्या वर्गाने तो पाठ केला होता. कोणत्या बाईचं लुगडं लाल आणि कुणाचं हिरवं, हेसुद्धा. गावात पाण्याचा थेंब नाही आणि चाळीस पोरं पाणवठा पाठ करत बसलेली. असली विद्या.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरगावचे पर्यवेक्षक आले. सकाळी स्थिरचित्राला मीच होते, पोचा भिंतीकडे. चांगुणाने मला रंगवलं. खिडकीचा निळा आला, ओढणीचा लाल आला, पोचा आला नाही, कारण तिच्या जागेवरून तो दिसतच नव्हता. तिने दोनदा वाकून पाहिलं. पर्यवेक्षक म्हणाले, "जागेवर बस."

मग दुसरा पेपर. मला कोपऱ्यात जमिनीवर ठेवलं होतं. विषय फळ्यावर लिहिला गेला, 'पाणवठ्यावरील दृश्य'. वर्गातून समाधानाचा सुस्कारा आला आणि एकोणचाळीस हात वडाचं खोड काढू लागले.

चांगुणाने बराच वेळ काही काढलं नाही. तिने कोपऱ्यात माझ्याकडे पाहिलं. पोचा तिच्याकडेच होता. मग तिने मधली रेघ मारली, पण वडाची नाही. ती हौदाच्या कठड्याची होती.

तिने हौद काढला. टँकर काढला. काठावर भांडी बुडवणाऱ्या बायका काढल्या आणि लांब, वेगळ्या ओळीत बसलेल्या बायका काढल्या. डब्याने वरून पाणी ओतणारा केरबा काढला. पाय उचललेला एक धोतरवाला माणूस काढला. आणि मधोमध, मातीत कलंडलेली मी. पोच्यासकट.

रंगाचं पाणी ज्याने त्याने घरून आणायचं होतं. चांगुणाने आणलेलं पेलाभर पाणी सकाळच्या पेपरातच गढूळ झालं होतं. दाराशी हौदातून भरून ठेवलेली बादली होती. बाकीच्यांनी उठून तिच्यात आपापले पेले बुडवले. चांगुणा उठली नाही. त्या गढूळ पाण्यातच तिने रंग कालवले. आभाळ मातकट झालं, पाणी मातकट झालं. तसंच तर होतं ते.

शिवमूर्ती सर बादली बघायच्या निमित्ताने आत आले. तिच्या मागे थांबले. खाली वाकून ते पुटपुटले, "चांगुणा, वड काढ गं. अजून येळ हाय. दुसरा कागद मागून घे. नापास होशील."

तिने कुंचला थांबवला नाही. "सर," ती म्हणाली, "दिसलं तसं काढून राहिले."

सर तिथून गेले.

निकाल थंडीत लागला. व्यंकटरावांच्या मुलाला ए ग्रेड, वडासकट. चांगुणाला सी. शेवटची ग्रेड, पण पास. एकाच मुलीला एका वर्षात ए वरून सी कशी, हे कुणी कुणाला विचारलं नाही. केवळाबाईला ग्रेडचं काही कळत नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "नांदेडला घेतेत का?" घेतात म्हटल्यावर ती माझ्यावर हात ठेवून रडली. हौदाशी गिळलेलं सगळं तेव्हा बाहेर आलं.

त्या दिवशी शिवमूर्ती सर वस्तीत आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. दारातल्या बाजेवर बसले. मग म्हणाले, "केवळाबाई, पाणी द्या." तिने माझ्यातून तांब्या भरून दिला. ते तोंड लावून प्यायले. मी त्यांना पाणी दिलं, मित्रांनो. माफी दिली नाही. पाणी कुणाला नाकारायचं नसतं, एवढं मला कळतं.

आज चांगुणा मुदखेडकडच्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. केवळाबाई आता नाही. मी चांगुणाच्या वर्गात स्टुलावर असते. तिथे रुजू झाली त्या पहिल्या दिवशी तिने मला कडेवर घेतलं, सगळ्या वर्गासमोर शाळेच्या हौदाशी गेली आणि मला गळ्यापर्यंत बुडवलं. कुणीही अडवलं नाही. ते पाणी तिने पोरांच्या पेल्यांत ओतलं आणि म्हणाली, "आता रंग काढा."

दरवर्षी कुणीतरी गुणी मूल पुढे येतं आणि मला हळूच फिरवतं. 'मॅडम, पोचा वंगाळ दिसतो,' म्हणतं. चांगुणा रागवत नाही. उठते आणि मला परत होती तशी करते. एकदा तर भांडी ठोकणारा दारावर आला होता, दोन ठोक्यांत पोचा काढून देतो म्हणाला. तिने त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

तर मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. मला चिंचेने घासा, लख्ख ठेवा, माझी चित्रं काढा, हवी तर काचेत मढवा. पण आधी मला तुमच्या हौदात बुडवा. आणि काढाल तेव्हा पोच्याच्या बाजूला येऊन बसा. व्यंकटरावांच्या बैठकीत ते चित्र अजून तसंच लटकलेलं आहे म्हणतात. त्यात मी अगदी गुळगुळीत आहे.