ठेच्यानंतरचं लेमन

मित्रांनो, मी एक जुनी गोटीची बाटली हाय. आन् थांबा, लगेच तोंडं वाकडी करू नका, जुनी म्हंजी मोडकी न्हाई! माझी काच अजून जाड हाय, हिरवट हाय, मानेचे दोन्ही खळगे शाबूत हायेत आन् अंगठा दाबला की असा 'टॉक्' आवाज काढते की झाडाखाली झोपलेला माणूस उठून बसतो. तुम्हाला वाटंल, बाटलीच्या आयुष्यात काय घडणार? अरे, ऐका तर खरं!

माझा जन्म भट्टीतला. लाललाल, मऊ, मधासारखी लोंबत होते, मग कुणीतरी फुंकर घातली आन् मला पोट आलं. गळ्यात आधी गोटी टाकली आन् मग वरून तोंड आवळलं, म्हंजी ती आता जन्माची माझी. गवतात गुंडाळून, खोक्यात बसून, आगगाडी, मग मालमोटार, असं करत करत मी आले तळेगाव ढमढेऱ्याला, अनसाबाईच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

अनसाबाईचा नवरा म्हस्कू. त्याच्या बापाची मेंढरं होती, बाराही महिने पाठीवर बिऱ्हाड. म्हस्कूनं मेंढरं विकून सोड्याचं मशीन आणलं, तवा सगळी भावकी हसली. म्हणली, "मेंढरं विकून वारा भरतोय बाटलीत!" पण म्हस्कू मशीनचा दांडा फिरवायचा आन् अनसाबाई पाक करायची, आन् दोघांचं लेमन असं जमलं की बाजारादिवशी आम्हा बाटल्यांना जमिनीला पाठ टेकायला मिळत न्हवतं. भरा, फोडा, विसळा, परत भरा!

आता पाकाचं सांगते, कारण सगळी गंमत त्याच्यातच हाय. अनसाबाई साखर पाण्यात घालून चुलीवर ठेवायची, उकळी आली की दुधाचा शिपका मारायची, मग सगळी मळी वर यायची, ती झाऱ्यानं काढायची. मग लिंबू पिळायचं. मग थेंब अंगठ्यावर घेऊन बोट लावायचं आन् उचलायचं. एक तार सुटली की पातेलं खाली. आन् चव बघायच्या आधी भाकरीचा कोरडा तुकडा चावायची. रोज! म्हस्कू म्हणायचा, "अगं, पाक चाखतीस का न्याहारी करतीस?" ती म्हणायची, "जीभ कोरी नगं? भरल्या पाटीवर कुनी ल्हितं का?"

मग आलं चौऱ्याहत्तर साल. साखर दिसंनाशी झाली, मित्रांनो! कार्डावर मिळंल तेवढी, बाकीची बाजारात, पण तिला हात लावला की चटका बसावा असा भाव. आन् त्याच सुमाराला दौंडचा सोडावाला बबनराव आला. टेरिकॉटचा बुशशर्ट, डोळ्यावर काळा चष्मा आन् हातात पत्र्याचा डबा. झाकण उघडलं तर आत काचेसारखा पांढरा, दाट रस.

"मक्याचा पाक, वहिनी," बबनराव म्हणला. "गोळ्या-बिस्किटांच्या कारखान्यात ह्योच जातो. उकळायला नको, मळी काढायला नको. गोडी जरा कमी असती, म्हणून चिमूटभर सॅकरीन टाकायची. साखरेचा खर्च निम्म्यावर. आम्ही आता हेच वापरतो."

अनसाबाईनं नुसतं नाक मुरडलं. पण म्हस्कूच्या मनात भरलं! ती पाण्याला गेली आन् ह्यानं पठ्ठ्यानं तेवढ्यात डझनभर बाटल्या मक्याच्या पाकाच्या भरल्या. त्यात मी होते. काय सांगू! साखरेचा पाक पोटात उतरतो तो नाचत उतरतो. हा आपला भिंतीला धरून, चिकटून, पाय ओढत उतरला. माझी गोटीसुद्धा जड झाल्यासारखी वाटायला लागली.

अनसाबाई परत आली, हंडा उतरवला, मला उचललं, फोडलं, एक घोट घेतला आन् बाकीचं सगळं उंबऱ्याबाहेर ओतलं.

"अवं, हे काय भरलं?"

"मका," म्हस्कू खाली मान घालून म्हणला.

"मका कोंबड्यांना घाला!"

"आन् साखर कुठनं आनू? तूच सांग!" म्हस्कूही पेटला. "राहू गावाला पान्याच्या स्कीमचं उद्‌घाटन हाय. तीनशे बाटल्यांचं काम. ते मिळालं तर वर्षभर त्यांच्या गुऱ्हाळांवर बी आपलंच लेमन जाईल, मग खुशाल साखर घाल. न्हाई मिळालं तर बबनरावचा डबा घ्यायचा. बोल, शब्द दे."

अनसाबाईनं रिकामी बाटली खाली ठेवली. मग म्हणली, "दिला."

झालं! आम्ही सगळ्या बाटल्या किणकिणायला लागलो. राहूचं काम मिळालं तर साखर, न्हाई तर जन्मभर मका!

राहूच्या स्कीमचे चेअरमन होते मारुतराव. नदीचं पाणी इंजिनानं उचलून वरच्या माळाला न्यायचं, ऊस करायचा, असं मोठं काम त्यांनी तडीस नेलं होतं. पण उद्‌घाटनाला पुण्याचे साहेब येणार, म्हणून मारुतरावांना पत्र्याचं बूच लावलेल्या लाल रंगाच्या बाटल्या पाहिजे होत्या. त्या कुणाच्या? बबनरावच्या! अनसाबाई राहूला जाऊन त्यांना म्हणली, "आप्पा, एकदा चव तरी घ्या. मग तुमी म्हनाल ते." मारुतराव म्हणले, "बरं, गुऱ्हाळावर या. चांगदेवमामा निवाडा करंल."

हा चांगदेवमामा म्हंजी राहूचा गुळव्या. कढईतला रस कधी उतरायचा ते तो ठरवणार. गुळाचा खडा जिभेवर ठेवून ऊस कुणाच्या रानातला ते सांगायचा, एवढी त्याची ख्याती.

बैलगाडीत गवत अंथरून आम्ही वीस बाटल्या निघालो, भीमा ओलांडून राहूला. गुऱ्हाळ दणक्यात चालू होतं. चुलवाण धडधडतंय, चिपाडाचा जाळ, कढईत रस फसफसतोय. पाचपन्नास माणूस जमलेलं. बबनराव आधीच येऊन बसला होता, लाल बाटल्या बर्फाच्या घमेल्यात.

आन् इथंच, मित्रांनो, सगळ्यांनी मिळून घोटाळा केला! गुऱ्हाळावर आलेल्या माणसाला कोरडं पाठवायचं न्हाई ही त्यांची रीत. मग काय, आलेल्या प्रत्येकाच्या हातात आधी उसाच्या रसाचा तांब्या, मग गरम काकवी, मग वाफाळता गूळ. मारुतरावांनी खाल्ला, गावच्या पंचांनी खाल्ला, चांगदेवमामा तर पहाटेपास्नं चाखतच होता. अनसाबाईलाही दिला, पण तिनं कागदात बांधून ठेवला. माझ्या ध्यानात आलं न्हाई, कुणाच्याच आलं न्हाई.

चांगदेवमामाच्या डोळ्यावर उपरणं बांधलं. दोन पेले भरले. एकात मी. हो, म्हस्कूनं मलाच उचललं! टॉक्! मी फेसाळत पेल्यात उतरले, सगळा जीव ओतला. मामानं घोट घेतला, जीभ फिरवली, कपाळाला आठी घातली.

"पानचट," मामा म्हणला. "लिंबाचं पानी हाय नुसतं."

मी गार पडले. मग त्यानं लाल पेला उचलला, प्याला. "हे बी तसं फिकंच... पर जरा गोड लागतंय खरं."

"बघा!" बबनराव मांडी थोपटून उठला. मारुतरावांनीही दोन्हीची चव घेतली. मान हलवली. "अनसाबाई, वाईट वाटून घिऊ नगा. पर गोडी त्यांच्यात हाय."

म्हस्कू माझ्याकडं बघंना. अनसाबाईकडं बघंना. हळूच म्हणला, "चल. शब्द दिलाय तू."

अनसाबाई जागची हलली न्हाई. तिनं एकदा कढईकडं बघितलं, एकदा मामाच्या मिशीला चिकटलेल्या काकवीकडं बघितलं, आन् अशी हसली, अशी हसली, की म्हस्कूला वाटलं हिचं डोकं फिरलं.

"मामा, सकाळपास्नं काय खाल्लं?"

"काय खानार? रस, काकवी, गूळ."

"आन् आप्पा, तुमी?"

"तेच की."

"मग गुळानं लिपलेल्या तोंडाला साखर काय गोड लागनार? देवाचं अमृत आनलं तरी पानचट लागंल! आधी जीभ कोरी करा. जेवनं करा सगळ्यांनी. ठेचा हाय का?"

आता ठेचा न्हाई असं गुऱ्हाळ कुठं असतं का! ऊस तोडायला आलेल्या बाया झाडाखाली फडकी सोडत होत्या. त्यातली रंभा, जिभेनं तिखट आन् हातानं त्याहून तिखट, उठली आन् ठेच्याचा अख्खा वाडगाच घेऊन आली. "घ्या पंच," म्हणली, "आज तुमची बी परीक्षा हुंद्या!"

सगळे बसले पंगतीला. बाजरीची भाकरी आन् हिरवा ठेचा. पहिल्या घासाला पंचांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. दुसऱ्याला मारुतरावांचे कान लाल झाले. तिसऱ्याला चांगदेवमामाच्या डोळ्यातनं धारा. बबनरावनं काळा चष्मा काढला आन् डोळे पुसले. रंभा म्हणली, "रडू नगा दाजी, उद्‌घाटन हाय, मयत न्हाई!" सगळं गुऱ्हाळ हसलं.

"आता घ्या," अनसाबाई म्हणली.

परत उपरणं बांधलं. ह्या वेळी आधी लाल पेला दिला. मामानं घोट घेतला, ओठावर ओठ घासले. "गोड हाय. पर चिकटून बसलंय. टाळ्याला डिंक लावल्यागत. आन् मागनं... मागनं कडू येतंय की रं! कडूनिंबाची काडी चावल्यागत." त्यानं पेला खाली ठेवला. "पानी द्या. पुसून जाईना हे."

मग दुसरा पेला. मी तर रिकामी झाले होते, मित्रांनो, पण त्यात उतरली ती माझीच बहीण. मामा प्याला. थांबला. परत प्याला. मग पेला तोंडाला लावला तो तळ दिसल्यावरच काढला आन् असा ढेकर दिला की बैलांनी माना वळवल्या!

"आहाहा! आग विझली की रं! गोड आलं, आंबट आलं, आन् दोघं बी आपापल्या घरी गेलं. जीभ बघा कशी सवच्छ!" त्यानं उपरणं ओढून काढलं. "मारुता, ऊस आपला, साखर आपल्या उसाची, आन् आपल्या पान्याच्या उद्‌घाटनाला सरबत मक्याचं? लाज न्हाई वाटत? कनसं भाजून खायची असत्यात, प्यायची न्हाईत!"

मारुतरावांनी स्वतः दोन्ही परत चाखलं. मग पंचांनी. मग रंभानं, न विचारता. एकूण एक माणूस आमच्या बाजूनं! आन् ऐका, बबनराव उठला, अनसाबाईचा पेला उचलला, प्याला आन् म्हणला, "वहिनी, खोटं न्हाई बोलत. माझी बी आग ह्यानंच विझली." सच्चा गडी!

पण एक गोष्ट राहिली होती. म्हस्कू हळूच म्हणला, "काम मिळालं. पर तीनशे बाटल्यांची साखर आनायची कुठनं? बाजारातली तर परवडत न्हाई."

तवा रंभानं पदर खोचला. "माझ्या घरात कार्डाची साखर हाय. एक वाटी मी देते." तिच्या शेजारची म्हणली, "एक माझी." मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत राहूच्या घराघरातनं वाट्या आल्या. पितळेच्या, जर्मनच्या, एक तर चिनीमातीची, कान तुटलेली. ती भागुबाई म्हातारीची. बुद्धविहाराच्या पलीकडं एकटी राहायची, उठताबसता येत न्हवतं. तिनं महिन्याची सगळी साखर दिली होती, वाटीच्या वर शीग लावून.

उद्‌घाटनाचा दिवस! इंजिन घरघरलं, पाईप खाकरला आन् माळावर पाणी आलं. खळाळत, गढूळ, ढेकळं उचलत. लोकांनी पागोटी उडवली. आन् त्याच वेळेला तीनशे बाटल्यांचे तीनशे अंगठे दाबले गेले. टॉक्! टॉक्! टॉक्! पुण्याचे साहेब दोन-दोन प्याले. दुसऱ्या बाटलीला एकानं म्हस्कूला विचारलं, "कुठल्या कंपनीचं?" म्हस्कूनं छाती काढून सांगितलं, "अनसाबाईच्या!"

मी मात्र त्या तीनशेत न्हवते. अनसाबाईनं मला आन् अजून थोड्या बाटल्या बाजूला ठेवल्या होत्या. मला वाटलं, मी जुनी म्हणून वगळलं. हिरमुसले. पण भाषणं संपली, गर्दी पांगली, आन् तिनं आम्हाला पाटीत घेतलं आन् त्या सगळ्या वाट्या दुसऱ्या पाटीत. म्हस्कू म्हणला, "वाट्या नुसत्या देऊन टाक की, उशीर हुईल." ती म्हणली, "अवं, शेजाऱ्याची वाटी कवा रिकामी परत देत्यात व्हय?"

घरोघर गेलो आम्ही. दारात वाटी ठेवायची, बाटली फोडायची, वाटी भरायची. शेवटी भागुबाईचं खोपट. अनसाबाईनं कान तुटलेली वाटी तिच्या हातात दिली आन् मला वाकवलं. टॉक्! मी पहिल्यांदाच पेल्यात न्हाई, वाटीत उतरले. म्हातारीच्या नाकाला फेस लागला. ती लहान पोरीगत दचकली, मग हसली, मग प्याली, आन् बोळक्या तोंडानं म्हणली, "पानी आलं का गं माळाला?"

"आलं, आज्जे."

"मग अजून वत."

मित्रांनो, माझ्या अंगावर तवापास्नं कितीतरी ओरखडे आलेत, पण त्या दिवसासारखी मी कवाच भरले न्हाई. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगते. कवा आमच्यातली एखादी तुमच्या हाती लागली, तर गोटीसाठी तिला दगडावर आपटू नका. विसळा, पालथी घाला, धन्याकडं परत द्या. कुठंतरी एखादी म्हातारी वाटी पुढं करून बसलेली असती, आन् तिला 'अजून वत' म्हणायचं असतं.